वरचा फोल्डर

लातूर
२५ नोव्हेंबर २०२५

ती. व्यंकटदादा यांस,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. जानेवारी २०२४मध्ये तीन दिवस मुदखेडला राहून मी भागवतमामांचा, म्हणजे तुमच्या अण्णांचा, आवाज रेकॉर्ड केला. एकूण ३१२ शब्द. तेव्हा त्यांना बोलता येत होतं, पण जीभ जड पडायला लागली होती.

२. त्या शब्दांवरून मी लॅपटॉपवर मामांसाठी बोलण्याची सोय केली. बटण दाबलं की शब्द त्यांच्याच आवाजात वाजतो.

३. यंदाच्या ऑक्टोबरपासून मामांचा फक्त उजवा अंगठा हलतो, तोही क्षणभर. यादीतून शब्द निवडणं जमेना, म्हणून मी बाकी सगळं काढून अंगठ्याखाली दोनच बटणं ठेवली. पहिलं 'हो', दुसरं 'नको'.

४. सोमवार, १७ नोव्हेंबरला डॉक्टर नांदेडहून घरी आले. श्वास बंद पडायला लागला तर गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि मशीनवर ठेवायचं का, असं त्यांनी मामांना विचारलं. मशीनवर दोन-चार वर्षं मिळू शकतात, मशीनशिवाय काही आठवडे, हेही सांगितलं.

५. लॅपटॉप 'नको' म्हणाला. डॉक्टरांनी तसा कागद केला. त्यावर तुम्ही आणि मामींनी सही केली.

६. मी तिथे नव्हते. हे तुम्ही मला फोनवर सांगितलं.

७. रविवार, २३ नोव्हेंबरला मी नेहमीच्या तपासणीसाठी मुदखेडला आले. मामांना विचारलं, "सगळं नीट चाललंय ना?" दुसरं बटण लागोपाठ सात वेळा वाजलं. बटण अडकत असावं असं समजून मी ते उघडून साफ केलं.

८. त्यानंतर मी मामांना काही विचारलं नाही. दुपारी परत निघाले.

आता मुद्दा. हा प्रोग्रॅम पडद्यावर चौकटी काढून, त्या तारांनी जोडून आवाज घडवायचा. चौकटीत फक्त फाइलचं नाव असतं. ती फाइल कुठल्या फोल्डरात शोधायची, त्याची यादी सेटिंगमध्ये वेगळी ठेवावी लागते. प्रोग्रॅम त्या यादीत वरून खाली जातो. त्या नावाची पहिली फाइल सापडली की थांबतो. खालच्या फोल्डरात त्याच नावाची दुसरी फाइल असली तरी तिच्याकडे जात नाही.

मामांच्या लॅपटॉपवर दोन फोल्डर आहेत. 'अंतिम'मध्ये ००१ म्हणजे 'हो' आणि ००२ म्हणजे 'नको'. दुसरा 'कच्चे', पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगचा. त्या दिवशी मामाच म्हणाले होते, "आधी नको भर गं. सव्वीस वर्षं कंधारच्या स्टँडवर नियंत्रक होतो, लोकांना आधी नाही म्हणता आलं पाहिजे." म्हणून 'कच्चे'मध्ये ००१ म्हणजे 'नको' आणि ००२ म्हणजे 'हो'. यादीत 'अंतिम' वर असेल तर सगळं बरोबर. 'कच्चे' वर गेला तर दोन्ही बटणं उलटी बोलतात.

२३ तारखेला क्रम बरोबर होता. १७ तारखेला काय होता, एवढंच मला विचारायचं आहे. त्या सकाळी तुम्ही किंवा घरातल्या कुणी शोधयादीला हात लावला होता का?

हे फोनवर नको. पत्र घरी न पाठवता तुमच्या नांदेडच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. उत्तर लेखी, ५ डिसेंबरपर्यंत मिळावं.

तनुजा


नांदेड
२ डिसेंबर

चि. तनुजा हिस,

तुझं पत्र मिळालं. स्पीड पोस्टानं! पोस्टमन मलाच विचारून राहिला, साहेब, कोर्टाची नोटीस हाय का. आमचा शिपाई शरणप्पा म्हणतो, वहिनीनं फारकत पाठवली दिसतंय. सगळ्या ऑफिसला चहा पाजावा लागला, न्हाईतर संध्याकाळपर्यंत माझा काडीमोड झाला असता.

आणि हे 'तुम्ही' काय काढलंस? परवापर्यंत व्यंक्या म्हणून हाक मारायचीस. लातूरच्या क्लासमध्ये सरांची भाषणं रेकॉर्ड करून करून तूच सर झालीस वाटतं.

तुझ्या यादीबिदीतलं मला काही कळत न्हाई. मी त्या लॅपटॉपला हात लावत न्हाई. सकाळी तुझी वहिनी बबिता चालू करते, रात्री बंद करते, बस. तूच सांगितलं होतंस, पडद्यावर काही विचारलं तर नको दाबा.

सोमवारचं म्हणशील तर त्यात शंका घेण्यासारखं काही न्हाई. मी समोर होतो. माय होती. बबिता दाराशी होती. डॉक्टरांनी आधी मोठ्यानं सगळं समजावलं, अगदी पोराला सांगावं तसं. डोळ्यांच्या उघडझापीवर मी जाणार न्हाई म्हणाले, आवाज पाहिजे. मग विचारलं, मशीन लावायची का? लॅपटॉप म्हणाला, नको. खणखणीत. स्टँडवर 'कंधार-लोहा-नांदेड फलाटावर लागली आहे' म्हणायचे न, तसा. आणि एकदा न्हाई. नको, नको, नको, थांबेचनात. डॉक्टर हसले. म्हणाले, "समजलं मालक, समजलं, किती वेळा सांगता." मग पक्कं करायला फिरवून विचारलं, "मशीन नकोच, हे पक्कं ना?" तर ठासून हो. अण्णांचं तसंच हाय. एकदा ठरलं की ठरलं.

डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खरं. पण डॉक्टरांनीच मागं सांगितलं होतं, या आजारात माणूस उगाच रडतो, उगाच हसतो, त्यावर जाऊ नका म्हणून.

तू लई विचार करतेस. दुपारी येतेस, बटण पुसतेस, चहा पितेस, जातेस. आमच्या घरात विचार करायला येळ न्हाई. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नळीनं लाळ ओढावी लागते. पंचाहत्तर किलोचा माणूस होता, आता बबिता एकटी उचलते.

अण्णांनी निर्णय केला. त्याचा मान ठेव.

तुझा
व्यंकट


लातूर
६ डिसेंबर

ती. व्यंकटदादा यांस,

२ तारखेचं पत्र मिळालं.

एक गोष्ट मी आधी सांगितली नव्हती. बटण दाबलं की लॅपटॉप त्याची नोंद एका साध्या फाइलमध्ये लिहितो. वेळ, बटणाचा क्रमांक, वाजलेली फाइल आणि ती कुठल्या फोल्डरातून आली ते. बटण किती झिजतं ते मोजायला मी ही सोय ठेवली होती. घरात कुणाला सांगितली नाही, कारण गरज नव्हती. २३ तारखेला ही नोंद मी पेनड्राइव्हवर घेतली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला वाचली. १७ नोव्हेंबरचं जसं आहे तसं उतरवते.

१०:४२. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. यादीत वर: कच्चे.
११:१४ ते ११:१६. बटण १, अकरा वेळा. फाइल ००१, कच्चे.
११:१७. बटण २, एकदा. फाइल ००२, कच्चे.
११:५८. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. यादीत वर: अंतिम.

बटण १ म्हणजे 'हो'. मामा अकरा वेळा 'हो' म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांनी, मामांनीही, अकरा वेळा 'नको' ऐकलं.

११:१७ला मामांनी दुसरं बटण दाबलं. बटणं उलटी झाली आहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि 'हो' म्हणायचं तर आता 'नको' दाबायला हवं असं त्यांनी ठरवलं, असा मी अर्थ लावते. लॅपटॉपने 'हो' म्हटलंही. पण तोपर्यंत डॉक्टरांनी प्रश्न फिरवला होता. तो प्रश्न मला माहीत नव्हता. तो तुमच्या पत्रात आहे.

तुम्ही लिहिता, यादीतलं काही कळत नाही. ऑगस्टमध्ये दुकानदाराने लॅपटॉप दुरुस्त करताना प्रोग्रॅम नव्याने टाकला तेव्हा शोधयादी रिकामी झाली होती. फोनवर मी सांगत गेले आणि तुम्ही दोन्ही फोल्डर यादीत टाकले. 'कच्चे' वर गेला. मामांना चहा हवा होता, त्यांनी 'हो' दाबलं, लॅपटॉप 'नको' म्हणाला. तुम्ही म्हणालात, "अण्णा, चहाला नको? आज सूर्य कुठून उगवला?" सगळे हसले. मामाही हसले, मी फोनवर ऐकलं. मग वरचा फोल्डर खाली कसा घ्यायचा ते मी सांगितलं, आणि तुम्ही स्वतः माऊसने घेतला. यादी बदलली की प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा लागतो, हेही तेव्हाच सांगितलं. १७ तारखेला दोन्ही वेळा नेमकं तेवढंच केलेलं आहे. चुकून कुणाचा हात लागला असता तर सव्वा तासाने यादी आपोआप सुधारली नसती.

'कच्चे' फोल्डर लॅपटॉपवर राहिला तो माझ्यामुळे. ऑगस्टमध्येच काढायला हवा होता. हे मी मान्य करते.

२३ तारखेला मामांनी मला सात वेळा 'नको' म्हटलं. तेव्हा यादी बरोबर होती. म्हणजे ते मला सांगत होते की नीट चाललेलं नाही. मी बटण साफ केलं. हेही मान्य करते.

तो कागद बदलला पाहिजे. ज्याने सही केली त्यानेच डॉक्टरांकडे जावं हे बरं. मामींना या वयात कुणी जाब विचारू नये असं मला वाटतं. तुम्ही डॉक्टरांना सांगा की यंत्रात चूक होती आणि प्रश्न पुन्हा विचारायला बोलवा. त्या दिवशी मी तिथे असेन आणि सगळ्यांसमोर यादी उघडून दाखवेन. चूक कशी झाली हे डॉक्टरांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तोपर्यंत मी डॉक्टरांना काही कळवणार नाही. १५ डिसेंबरपर्यंत लेखी उत्तर मिळावं.

तनुजा


नांदेड
१३ डिसेंबर

तनुजा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा ऑफिसात, एकदा मुदखेडच्या गाडीत, एकदा पुन्हा ऑफिसात. घरात पिशवीतून काढलं न्हाई.

चहाचं बरं लक्षात ठेवलंस. तुझ्याशी हसायची पण चोरी हाय. हसलेलं पण लिहून ठेवतेस.

मी काही कबूल करत न्हाई. पण एक विचारतो. तुझ्या त्या नोंदीत कूस बदलल्याची वेळ हाय का? लाळ ओढताना जीव घाबरा होतो त्याचा, ती वेळ? माय पंधरा महिने एका कुशीवर झोपली न्हाई सलग. बबितानं माहेर पाहिलं न्हाई दोन दिवाळ्या. मशीन लावली की घरात चोवीस तास एक माणूस जागा पाहिजे, डॉक्टरांनीच सांगितलं. लाइट गेली तर हातानं फुगा दाबत बसायचं. मुदखेडात लाइट किती येळा जाते, ते तुला म्हाईत हाय. आणि हे दोन-चार वर्षं. कुणाची? अण्णांचीच न्हाई, आमची पण.

हो म्हणणाऱ्याचा अंगठा हलतो, बाई. बाकी सगळं आम्हाला हलवावं लागतं.

तुला एवढंच वाटत असेल तर ये. सहा महिने रजा घे आणि ये. तू मशीनपाशी बस, मी डॉक्टरांना सांगतो की प्रश्न पुन्हा विचारा. येशील? मला उत्तर म्हाईत हाय. तू येणार न्हाईस, पण मी 'हो' म्हणावं अशी तुझी अपेक्षा हाय.

असो. तू ऐकणार न्हाईस. डॉक्टरांची येळ घेतली हाय. २२ तारीख, सोमवार, सकाळी अकरा. घरी येतात म्हणाले. मी सांगतो यंत्रात बिघाड होता म्हणून. तू पण ये तुझा लॅपटॉप उघडायला. त्याच्या आधी कुणाला फोन करू नकोस. मायच्या कानावर गेलं तर ती खाट धरंल.

व्यंकट


लातूर
१६ डिसेंबर

ती. व्यंकटदादा यांस,

१३ तारखेचं पत्र आज मिळालं.

सहा महिन्यांची रजा मिळणार नाही. आठवड्यातून दोन दिवस, शनिवार-रविवार, मी मशीनपाशी बसेन. हे लिहून देते आहे.

सोमवार, २२ डिसेंबर, सकाळी अकरा, मला मान्य आहे. रविवारी रात्री मुदखेडला येऊन थांबते. तोपर्यंत कुणाला फोन करणार नाही.

तनुजा


नांदेड
५ जानेवारी २०२६

तनुजा,

परवा सगळे पाहुणे गेले. आज ऑफिसला आलो. शरणप्पानं पाणी दिलं आणि म्हणाला, लातूरचं काही आलं न्हाई साहेब या येळी. म्हटलं येईल. ती लिहिल्याशिवाय राहत न्हाई. म्हणून म्हटलं आपणच आधी लिहावं.

वीस डिसेंबरच्या शनिवारी काय झालं ते तुला चारचौघांत सांगता आलं न्हाई. बाराच्या पुढं अण्णांचा श्वास वर लागला. ओठ निळे पडले. ॲम्ब्युलन्स बोलावली, तिच्यातल्या डॉक्टर पोरीनं नळी घालायची का विचारलं. मायनं कपाटातून कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं वाचला, मान हलवली, मास्क लावला आणि बाजूला बसली. दोन वाजून दहा मिनिटांनी गेले. डोळे उघडे होते, मायनं मिटले.

रविवारी तू आलीस. रडली न्हाईस. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे राख सावडायला गेलो आणि तू घरात पेनड्राइव्ह लावून बसलीस. बबितानं पाहिलं. तिनं मायला सांगितलं. माय म्हणाली, "तिला विचारा, त्यांचं अंथरूण एकदा तरी बदललं का तिनं?" मी विचारतो. बदललंस का?

आता माझं ऐक, कारण पुढं मी लिहिणार न्हाई.

२२ तारीख मी घेतलीच नव्हती. डॉक्टरांना मी फोन केलाच न्हाई. तू एक फोन केला असतास तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्यांचा नंबर तुझ्याकडं हाय. मीच दिलेला, ऑक्टोबरात, बटणाचं विचारायला. चोवीस नोव्हेंबरला तू ती नोंद वाचलीस असं तूच लिहितेस. अण्णा वीस डिसेंबरला गेले. मधे सव्वीस दिवस. त्या सव्वीस दिवसांत तू काय केलंस? मला तीन पत्रं लिहिलीस. मुद्देसूद. पाच तारखेपर्यंत, पंधरा तारखेपर्यंत. मी काय करणार हे तुला म्हाईत होतं, तरी मलाच विचारत बसलीस.

मी सव्वा तास यादी फिरवली. हो, फिरवली. घे, लेखी पाहिजे होतं न तुला. सकाळी मायला आंघोळीनंतर उठता येत नव्हतं, बबिता न्हाणीत बसून रडत होती, आणि अण्णा हो म्हणणार हे मला म्हाईत होतं. जगायच्या बाबतीत ते कधी कशाला नाही म्हणाले न्हाईत. तेवढंच केलं मी. बाकीचे सव्वीस दिवस तुझे.

पोलिसात जायचं तर जा. पहिला प्रश्न तुलाच विचारतील.

व्यंकट


लातूर
९ जानेवारी २०२६

ती. व्यंकटदादा यांस,

५ तारखेचं पत्र मिळालं.

तुमचा प्रश्न: नाही. मामांचं अंथरूण मी एकदाही बदललं नाही.

सव्वीस दिवसांचा हिशेब बरोबर आहे. मी डॉक्टरांना फोन केला नाही, याचं कारण मामी नव्हत्या. ६ डिसेंबरच्या पत्रात मी तसं लिहिलं ते खरं नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्यांदा हे विचारलं असतं की एकाच नावाच्या, उलट्या अर्थाच्या दोन फाइली या माणसाच्या लॅपटॉपवर ठेवल्या कुणी. त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. चूक तुमच्याकडून दुरुस्त झाली असती तर माझं नाव कुठे आलं नसतं. म्हणून तारखा देत राहिले. २३ नोव्हेंबरला मामांनी सात वेळा मला सांगितलं होतं, हे कळल्यानंतरही देत राहिले.

या वेळी वाट पाहिलेली नाही. नोंदीची प्रत, ऑगस्टमधल्या दुरुस्तीची तारीख, तुमची तिन्ही पत्रं आणि माझ्या पत्रांच्या प्रती काल मी स्वतः नांदेडला नेऊन डॉक्टरांच्या हातात दिल्या. त्यांनी सगळं माझ्यासमोर वाचलं. अकरा वेळाच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला एकदाच विचारलं, "हे मी हसलो तेव्हाचं का?" मी हो म्हटलं. त्यांनी प्रत ठेवून घेतली. दुसरी प्रत मुदखेडच्या पोलीस ठाण्यात अर्जासोबत दिली आहे. अर्जात तुमच्या नावाखाली माझं नाव आहे आणि मी काय केलं नाही तेही आहे. पोच घेतली आहे.

तेव्हा हे पत्र तुम्हाला सावध करायला किंवा मुदत द्यायला नाही. अर्जात एक जागा मी रिकामी सोडली आहे, तिच्याबद्दल विचारायला आहे.

२२ डिसेंबरला मी उरलेली नोंद घेतली. २३ नोव्हेंबरनंतर मामा दिवसातून दोन-तीनदाच बटण दाबत होते. कुणी काही विचारत नसावं. १३ डिसेंबरला दुपारी ३:४७ला पहिलं बटण एकदा वाजलं. यादीत वर 'अंतिम' होता, म्हणजे खोलीत 'हो'च ऐकू आलं. ते कुणाच्या कुठल्या प्रश्नाला, ते नोंदीत नाही. ३:५२ला लॅपटॉप बंद केला गेला. त्यानंतर तो २२ तारखेला मी उघडेपर्यंत कुणी उघडलेला नाही. मामा शेवटचे सात दिवस आवाजाशिवाय होते.

तुम्ही लिहिता, सव्वा तास सोडून बाकी काही केलं नाही. ते मी खरं धरते. १३ तारखेचं तुमचं पत्र नांदेडच्या पोस्टात दुपारी ३:४० वाजता नोंदवलेलं आहे, पाकिटावर वेळ छापलेली आहे. १२ मिनिटांत नांदेडहून मुदखेडला कुणी पोचत नाही. त्या वेळी घरात मामी आणि बबितावहिनी या दोघीच होत्या.

त्या दुपारी मामांना काय विचारलं गेलं, आणि 'हो' ऐकल्यावर लॅपटॉप दोघींपैकी कुणी बंद केला, हे घरी विचारून लिहून पाठवावं. नाव एकच हवं. तुमचं उत्तर मला मंगळवार, २० जानेवारीपर्यंत मिळावं.

तनुजा